बिनतारी दुखणं

फलटणमध्ये बिघडलेली वस्तू बिघडलेलीच राहिली, असं सहसा होत नाही. मिक्सर, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, मागच्या पिढीतला टेबलफॅन, काहीही घेऊन शंकर मार्केटकडं जा. कुणीतरी ती वस्तू पालथी घालून बघतो, हलवतो, कानाशी नेतो आणि म्हणतो, "ठेवा, उद्या या." उद्या म्हणजे परवा, पण वस्तू चालू होऊन घरी येते. मांडवातल्या साऊंडवाल्याचं कसब तर त्याहून वरचं. अक्षता वाटून झाल्यात, अंतरपाट धरलाय, भटजींनी श्वास भरून घेतलाय आणि माईक गेला, तर ते पोरगं कर्ण्यापासून निघून तारेवरून हात फिरवत येतं, मध्येच थबकतं, तार दातांनी सोलतं, दोन टोकं पिळतं, काळी टेप गुंडाळतं आणि "हॅलो, हॅलो, माईक चेक" म्हणतं. मंगलाष्टकं पुढं सुरू. मुहूर्त त्याच्यामुळं टळत नाही. टळलाच असेल तर तो आधीच वरातीत नाचणाऱ्यांनी टाळलेला असतो.

या सगळ्या दुरुस्तीचं मर्म एवढंच, की बिघाडाला पत्ता होता. तार कुठंतरी तुटलेली असायची आणि त्या जागेवर बोट ठेवता यायचं. बिनतारी स्पीकर काढणाऱ्यांनी तार तेवढी काढून घेतली, बिघाड आपल्याकडंच ठेवला. आता त्याला पत्ता उरला नाही. त्यामुळं घरातलं प्रत्येक माणूस तो आपापल्या आवडीच्या पत्त्यावर पाठवतं.

आमचं घर कसब्यात. पुढचा भाग जुन्या वाड्याचा, दगडमातीच्या भिंतींचा. मागचं स्वयंपाकघर आणि वरच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या सिमेंटच्या. वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून एक मुलगा राहतो, औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. घरात सासरे, म्हणजे आबा, साखर कारखान्यात टाइमकीपर होते, सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, आमचे हे, आणि दहावीतली मुलगी, जिला घरात सगळ्यात कमी बोलू दिलं जातं आणि सगळ्यात जास्त कळतं.

स्पीकर आणले पुण्याच्या भाऊजींनी. पुणं फलटणपासून शंभर-एकशे दहा किलोमीटर. तिथून येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. पूर्वी बाकरवडी यायची, तिचं बरं असायचं. पुडा फोडला की झालं. हल्ली जी भेट येते ती अॅप उतरवून घेतल्याशिवाय उघडतच नाही. तीन स्पीकर होते, तिन्ही कापडात गुंडाळलेल्या लोट्यांएवढे. एक माजघरात, एक स्वयंपाकघरात, एक वर. भाऊजींनी रविवारी दुपारभर मांडी घालून ते जोडले. "आई, आता नुसतं बोलायचं, की गाणं लागतं." आत्या बोलल्या, गाणं लागलं. आत्यांनी पदराला हात पुसले आणि स्पीकरकडं बघून, "बाई, चहा घेणार का?" असं विचारलं. कौतुक संपलं, भाऊजी निघाले. त्यांची गाडी लोणंदच्या पुढं गेली नसेल, तोवर स्वयंपाकघरातल्या स्पीकरवरचा दिवा नारिंगी झाला आणि आतली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणू लागली.

"काय म्हणतीय?" आत्यांनी विचारलं.

"नेट सापडत नाही म्हणते."

"मग एवढ्या गोड आवाजात कशाला सांगतीय? मला वाटलं, काय चांगली बातमी हाय."

इथून पुढं घरात वैद्यकमंडळ बसलं. माझं एक निरीक्षण आहे. पुरुषांना उघडं बॉनेट आणि बंद पडलेलं यंत्र दिसलं की ते त्याभोवती हात मागं बांधून उभे राहतात, आणि कितीही उभे राहिले तरी कुणाचा चहा थंड होत नाही, कारण तो पुनःपुन्हा करून आणणारं कुणीतरी असतं. आबांचं निदान: व्होल्टेज कमी आहे. ह्यांचं निदान: कंपनीच फालतू आहे. आत्यांचं: भिंतीत ओल आली आहे, त्या दोन वर्षं सांगतायत, कुणी ऐकत नाही. शेजारचे तात्या कट्ट्यावरून आत आले, स्पीकर हातात घेऊन त्याचं वजन करून पाहिलं आणि म्हणाले, "आवो, कॅनॉलला पाणी सुटलंय. हवेत दमटपणा हाय. त्याच्यात लहर मुरती." नीरा उजव्या कालव्यानं आमच्या तालुक्याचा ऊस पिकवला, कारखाने उभे केले, पण स्पीकर बंद पाडल्याचा आरोप त्याच्यावर पहिल्यांदाच होत होता.

गंमत म्हणजे तात्यांच्या बोलण्यात पाण्यापुरतं तथ्य होतं. वाय-फायची लहर पाण्यात खरोखर मुरते. मात्र हवेतल्या दमटपणानं घरातल्या घरात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो भरलेल्या पिंपानं. आमचा राऊटर आणि स्वयंपाकघरातला स्पीकर यांच्यात सरळ दोरी धरली, तर ती दोन फूट जाडीच्या भिंतीतून जाते, मग आत्यांच्या माहेरच्या लोखंडी कपाटातून, मग फ्रीजमधून आणि शेवटी पिण्याच्या पाण्याच्या पिंपातून. जाड भिंत लहरीचा जोर काढते, लोखंड तिला परत पाठवतं, आणि यातून जे काही वाचेल ते पाणी पिऊन टाकतं.

मग राऊटर तिथं लावलाच का? तर भोक तिथं होतं म्हणून. इंटरनेटवाला मुलगा घरात येतो, हातात ड्रिल असतं, तरी तो पहिल्यांदा भिंतीवर जुनं भोक शोधतो. आमच्या माजघराच्या खिडकीशेजारी एक भोक आहे. ते पाडलं लँडलाइनसाठी. पुढं त्यातून केबल टीव्ही आला, मग फायबर. म्हणजे एकविसाव्या शतकातल्या आमच्या राऊटरची जागा विसाव्या शतकातल्या एका लाइनमननं शिडी जिथं टेकली तिथं ठरलेली आहे. जाणकार सांगतात, राऊटर घराच्या मध्यावर, उंच, मोकळा ठेवावा. आमच्या घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळी अशी एकच जागा आहे आणि तिथं देव आहेत.

या भिंतींपाशी आले की मला जगदीशचंद्र बोस आठवतात. 1895 च्या सुमारास त्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भल्या मोठ्या साहेबांसमोर बिनतारी लहरींचा प्रयोग केला. लहर एका खोलीतून निघाली, मधल्या भिंतींतून गेली आणि पलीकडं ठेवलेली घंटा वाजवून, दारूचा बार उडवून मोकळी झाली. वाटेत लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेन्झी बसले होते. ती त्यांच्याही अंगातून गेली, असं सांगतात. बंगालच्या लाटसाहेबाला पार करून जाणाऱ्या लहरीला आत्यांचं पिंप पार करता येऊ नये, याचं मला वैषम्य वाटतं. पण मॅकेन्झीसाहेब खुर्चीत बसलेले होते आणि पिंप काठोकाठ भरलेलं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

मुलीनं वहीच्या पाठीमागं चित्र काढून समजावलं. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो. एक 2.4 गिगाहर्ट्झचा, त्याची लहर साडेबारा सेंटिमीटरची, जरा सावकाश पण लांबवर जाते, भिंतीला फारशी भीत नाही. दुसरा 5 गिगाहर्ट्झचा, त्याची लहर निम्म्याहून आखूड, चपळ आहे, पण जुना वाडा दिसला की उंबऱ्यातूनच परत फिरते. लांबच्या स्पीकरला पहिला पट्टा द्यावा. आता या पहिल्या पट्ट्यावर एकमेकांच्या पायात न येता चालायच्या वाटा मोजून तीन: पहिली, सहावी आणि अकरावी. मोबाइलवर आजूबाजूच्या वाय-फायची यादी उघडली तर आमच्या अरुंद गल्लीत डझनभर राऊटर दिसले. ही यादी वाचण्याचा छंद मला तेव्हापासून लागला. पूर्वी गल्लीतल्या घरांची मनं कळायला दारावरची पाटी वाचावी लागायची. आता 'राजे', 'आई तुळजाभवानी', 'फुकट मागू नये', '2 रा मजला' आणि नुसतंच 'नाही' अशी नावं मोबाइलवर घरबसल्या मिळतात. 'नाही' कुणाचं हे मला अजून कळलेलं नाही, पण त्या घरात वर्गणी मागायला जाऊ नये एवढं कळलं. तर ही सगळी मंडळी त्याच तीन वाटांवर दाटीवाटीनं उभी असतात. त्यात कुणी मायक्रोवेव्हमध्ये भाकरी गरम करायला ठेवली की तोही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. चुलीवर भाकरी भाजणाऱ्या पिढीनं निदान कुणाचं गाणं बंद पाडलं नाही.

वरच्या खोलीतला स्पीकर मात्र वाय-फायवर टिकेना, म्हणून ह्यांनी तो ब्लूटूथवर टाकला. ब्लूटूथचं तंत्र मोठं चलाख. ते एका जागी थांबतच नाही. 79 वाटांवर सेकंदाला 1600 उड्या मारत राहतं, म्हणजे अडवणाऱ्याला पत्ता लागू नये. अशा उड्यांची एक युक्ती हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीरांसाठी शोधली होती. 1942 साली त्यांना पेटंट मिळालं, आणि त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे 88 वाटांची सोय होती. शत्रूला चकवायला काढलेली विद्या कसब्यात भाकरी गरम करणाऱ्या मायक्रोवेव्हला चकवायला वापरली जाते, यात हेडीबाईंचा अपमान नाही. शत्रू ज्याचा त्याचा वेगळा.

फक्त ब्लूटूथला एक खोड आहे. ओळखीचा फोन जवळ दिसला की ते विचारपूस न करता त्याला जाऊन चिकटतं. भाडेकरू मुलाला एकदा ह्यांनीच कौतुकानं गाणं लावून दाखवायला सांगितलं होतं. तेवढी ओळख स्पीकरला पुरली. पुढं आत्यांनी तो स्पीकर दुपारी कीर्तन ऐकायला खाली आणला. एका दुपारी कीर्तनात बुवा भरात आले असताना अचानक थांबले आणि भाडेकरू मुलाच्या फोनवरचा एका मुलीचा आवाज स्वयंपाकघरात घुमला, "जेवलास का?" मी स्पीकर बंद करायला धावले. आत्यांनी मला हातानं थांबवलं, गॅस बारीक केला आणि कानावरचा पदर मागं घेतला. मुलगी बार्शीची आहे, बी.एड. करते, घरच्यांना अजून सांगितलेलं नाही, हे सगळं आम्हाला त्या दुपारी कळलं. संध्याकाळी तो पाणी भरायला खाली आला तेव्हा आत्या म्हणाल्या, "बार्शीकडची माणसं चांगली असतात हां." त्याच्या हातातली बादली निसटली. त्यानं त्याच रात्री सेटिंगमध्ये जाऊन आमच्या स्पीकरची ओळख पुसून टाकली. एरवी कुणी कितीही सांगितलं तरी माणसं हे करत नाहीत, पण ब्लूटूथच्या निम्म्या दुखण्यांवर तेच औषध आहे.

आबांना हा सगळा प्रकार पोरकट वाटतो. त्यांच्या ट्रान्झिस्टरच्या काळात लहरीला मान होता. आकाशवाणीचं पुणे केंद्र 1953 साली सुरू झालं, सांगलीचं 1963 साली, आणि फलटण या दोघांच्या मधोमध कुठंतरी. पुणं 792 वर, सांगली 1251 वर. सांगली लावायची तर आबा ट्रान्झिस्टर टेबलावर हळूहळू फिरवायचे, आणि एका कोनात आला की हात वर करायचे. मग घरात कुणी हलायचं नाही. यात अंधश्रद्धा नव्हती. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक कांडी असते, तिची लांब बाजू केंद्राकडं आली की आवाज उघडतो. पुढं टीव्ही आला, गच्चीवर अॅन्टेना आला, मग एक माणूस गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर आणि "आलं का?" "आलं! आलं! गेलं!" ही तीन मजली वार्ता. जिन्यातला माणूस हाच खरा पहिला रिपीटर. आमच्या घरी ते काम ह्यांच्याकडं असायचं, आणि चित्रहाराची सगळी गाणी त्यांनी जिन्यात उभं राहून ऐकलेली आहेत.

त्या काळातल्या बिघाडात एक सोय होती: खरखर यायची. आवाज अर्धा जायचा, मग परत यायचा, माणूस अंदाज बांधायचा. आजचा स्पीकर अर्धवट काही करत नाही. तो चकचकीत वाजतो, नाहीतर गप्प बसतो. गप्प बसला की कारण सांगत नाही.

गप्प बसण्याच्या कारणांत लाईटचा नंबर फार वरचा. लाईट जाणं ही फलटणला बातमी नाही; परत येण्यात गोम आहे. लाईट आली की सगळी यंत्रं एकदम जागी होतात, पण प्रत्येकाची आवरायची तऱ्हा वेगळी. स्पीकर झटकन उठतो आणि राऊटरला हाक मारतो. राऊटर आणि फायबरची डबी अजून डोळे चोळत असतात. त्यांना नीट भानावर यायला दोन-तीन मिनिटं तरी लागतात. समजूतदार स्पीकर परत परत हाक मारत राहतो. आमचा मानी आहे, हाकेला ओ आली नाही की नारिंगी होऊन बसतो. औषध साधं आहे: राऊटरला छोटी बॅटरी लावून द्यायची, बाजारात मिळते, म्हणजे तो झोपतच नाही. ही बॅटरी आणायचं ह्यांनी कबूल केलंय. कबूल केल्याला आता बराच काळ झाला. मी तारीख सांगत नाही, घरात शांतता आहे.

तोवर जुना उतारा आहेच. भाऊजींना फोन केला की ते मीटिंगमध्ये असतात आणि कुजबुजत एकच सांगतात, "राऊटर बंद करून चालू करा." जगातल्या सगळ्या पुण्याच्या भाऊजींचं हे एकच वाक्य आहे. याला हसणं सोपं आहे, पण त्यात अर्थ आहे. राऊटर हा दिवसरात्र जागणारा एक छोटा संगणकच. घरातल्या कुठल्या यंत्राला कोणता अंतर्गत नंबर दिला याची वही तो ठेवतो; वहीत घोळ होतात, स्मृती भरते. बंद केला की सगळं पुसलं जातं, आणि चालू झाल्यावर तो गर्दी बघून कमी दाटीची वाट निवडतो, प्रत्येकाला नव्यानं नंबर देतो. मध्ये तीसेक सेकंद थांबायचं, म्हणजे आतला उरलासुरला करंट उतरतो. ते सेकंद आबा मोजतात. टाइमकीपरचं मोजणं ते! चष्मा कपाळावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर, डावा हात वर. एकोणतिसाव्या सेकंदाला बटणाकडं गेलेला ह्यांचा हात आबांनी एकदा मागं खेचलेला मी पाहिला आहे.

दुसरं नेहमीचं कारण जास्त लाजिरवाणं असतं, म्हणून कुणी तपासत नाही. स्पीकर वाय-फायवर असतो आणि हातातला फोन कधीच मोबाइल डेटावर गेलेला असतो. स्वयंपाकघरात वाय-फाय क्षीण झालं की फोन आपणहून पलीकडं उडी मारतो, आणि मग त्याला घरातलाच स्पीकर दिसेनासा होतो. ह्यांनी एकदा पाऊण तास स्पीकर उलटासुलटा केला. मुलगी तेवढा वेळ चहाबिस्किट खात उभी होती. मी तिला नंतर विचारलं, "तुला आधीच माहीत होतं ना?" म्हणाली, "पप्पांनी विचारलं नाही."

कधीमधी तिन्ही स्पीकर एकदम चालतात. त्या दिवसांची वेगळी पंचाईत. गणपतीत आत्यांनी तिन्हीकडं एकदम आरती लावायला सांगितली. दोन वाय-फायवर, तिसरा ब्लूटूथवर. तिसरा किंचित मागं. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मागं पडलेला स्पीकर म्हणजे 34 मीटर लांब, गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आरती म्हणणारा माणूस. पण खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्या आरतीत असा एक माणूस कायमच असतो, तो आत, गणपतीसमोर उभा असतो इतकंच. आणि 'घालीन लोटांगण'ला सगळ्यांच्या पुढं निघून जातो.

हे सगळं चालू असताना आषाढ आला आणि माउलींची पालखी फलटणला आली. तरडगावहून येते, विमानतळाच्या मैदानावर मुक्काम. त्या दिवशी गावात माणसं इतकी, की फोन उचलून उपयोग नसतो. टॉवरला श्वास घ्यायला जागा उरत नाही. संध्याकाळी मी आत्यांना घेऊन तळावर समाजआरतीला गेले. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच करतात आणि "होऽऽ" अशी आरोळी देतात. क्षणात सगळे टाळ बंद. माईक नाही, तार नाही, पासवर्ड नाही. आणि यातली खरी मेख पुढं आहे: ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं टाळ बंद करायचे नाहीत. ती वाजवतच राहते. चोपदारांना आवाजावरून बरोबर कळतं दुखणं कुठं आहे. ते तिकडं जातात, ऐकून घेतात, तोड निघाली की तीही दिंडी शांत होते. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आरती होते.

मी तिथं उभी राहून विचार करत होते, की स्पीकर बनवणाऱ्या एखाद्या इंजिनिअरला इथं आणून उभं करायला हवं. आमची तीन यंत्रं दुखलं की गप्प बसतात. लाखभर लोकांत बिघाड शोधायचा तर ज्याचं दुखतंय त्यानं वाजत राहिलं पाहिजे, हे वारकऱ्यांनी कधीचं ठरवून टाकलंय. आत्यांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आपल्या घरात तसं केलं तर तुझे सासरे कधी गप्प व्हायचेच नाहीत."

पालखी बरडकडं निघून गेली, फोन परत लागू लागले, आणि स्वयंपाकघरातला स्पीकर मात्र कायमचाच नारिंगी झाला. पिंप हलवून झालं, कपाट सरकवून झालं (त्यामागं आबांचा जुना कंगवा आणि एक पावती सापडली), बंद-चालू करून झालं. अखेर इंटरनेटवाल्या मुलाला बोलावलं. तो आला, जुन्या भोकाकडं बघून समाधानानं मान हलवली, मोबाइलवर राऊटरचं पान उघडलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"काकू, तुमच्या घरात माणसं किती?"

"भाडेकरू धरून सहा."

"आणि वाय-फायवर यंत्रं एकोणतीस आहेत."

तर हे दुखणं होतं. असा साधा राऊटर इतक्या जणांना एका वेळी नीट सांभाळू शकत नाही. शिवाय कुणीतरी कधीतरी त्याच्यातल्या नंबरांची मर्यादाही कमी करून ठेवली होती. नंबर संपलेले. लाईट जाऊन आली की फोन धावत जाऊन आधी नंबर घेणार आणि मानी स्पीकर दाराबाहेर राहणार. मुलगा एकेक नाव वाचू लागला, आणि आबा खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले.

"हा कुणाचा?"

"तो मागच्या वाड्यातल्या पोरीचा. नीटचा अभ्यास करती. असू दे."

"हा?"

"दूधवाल्याचा. सकाळी कट्ट्यावर बसून पैसे आले का बघतो. त्याच्या फोनला आपल्या गल्लीत रेंज नाही."

"हे दोन?"

"रिक्षावाला आणि त्याचा मेव्हणा. मेव्हणा फक्त सुट्टीला येतो."

मी ह्यांच्याकडं पाहिलं, ह्यांनी माझ्याकडं. कंपनी फालतू असल्याचं ह्यांचं निदान त्या क्षणी निकालात निघालं. आबांनी निवृत्तीनंतरही हजेरीपट सोडलेला नव्हता. फक्त या वेळी कामगार बाहेरचे होते.

"आणि हा टीव्ही आहे. बेचाळीस इंची. सतत चालू असतो. सगळ्यात जास्त डेटा हाच खातो."

आबा काही बोलेनात. तात्या दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ते छताकडं बघू लागले. "तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले, "दमटपणा हाय."

मुलानं सगळं पुसलं, मर्यादा वाढवली, स्पीकरला त्याचा स्वतःचा कायमचा नंबर राखून दिला, म्हणजे कुणी कितीही आलं तरी त्याची जागा तशीच राहील. स्वयंपाकघरात दिवा पांढरा झाला. मग तो म्हणाला, "आता नवा पासवर्ड टाका. मोठा टाका, अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं मिसळून. आणि कुणाला देऊ नका."

आबांनी चष्मा पुसला. "एवढा अवघड नको ठिवू लका," ते म्हणाले. "सोपा ठिव. तात्याला रिमोटवरनं इंग्रजी अक्षरं टाकताना लई त्रास होतो."